समुपदेशकाची खुर्ची प्राध्यापकांना देऊ नका

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका अल्पवयीन विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांना लागू पडतील असे पंधरा निर्देश दिले, आणि शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असे त्यांत निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले. तेव्हापासून, मध्य प्रदेशातील आमच्या बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, शिक्षणाशी या ना त्या नात्याने निगडित असलेल्या मंडळींच्या तोंडी एक प्रतिपादन वारंवार ऐकू येते. नवा माणूस नेमण्याची गरजच काय, असे ही मंडळी विचारतात. महाविद्यालयात मेंटर-मेंटी योजना आहे, ठरावीक विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक पालकत्वाच्या भूमिकेत नेमलेला आहे, नॅकच्या अहवालात त्याचे प्रमाणही दरवेळी भरले जाते. विद्यार्थी कोणत्या गावचा, त्याचे वडील काय करतात, हे त्या प्राध्यापकाला ठाऊक असते. तेव्हा त्याच्याच नावापुढे ‘समुपदेशक’ असे लिहून एक आदेश काढला की न्यायालयाचाही मान राहील आणि तिजोरीवरही भार पडणार नाही.

असे म्हणणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांतील कित्येकांनी उमेदीची वर्षे विद्यार्थ्यांसाठी खर्ची घातली आहेत, स्वतःच्या खिशातून परीक्षाशुल्क भरले आहे, रात्री-अपरात्री वसतिगृहातून मुलाला उचलून जिल्हा रुग्णालयात नेले आहे. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद करणे अधिक अगत्याचे वाटते. कारण दुर्जनाची चुकीची तजवीज फार काळ टिकत नाही, परंतु सज्जनाची चुकीची तजवीज आदरामुळे प्रश्नावाचून स्वीकारली जाते आणि हां हां म्हणता वहिवाट होऊन बसते. माझे म्हणणे एवढेच की ज्याच्या हाती विद्यार्थ्याचे गुण, उपस्थिती, शिफारसपत्र आणि चारित्र्याचा दाखला आहे तो मनुष्य, कितीही प्रेमळ, विद्वान आणि सद्हेतूचा असला तरी, त्या विद्यार्थ्याचा समुपदेशक होऊ शकत नाही. त्याच्यात काही उणीव आहे असे मुळीच नव्हे. परंतु जे ऐकावयाचे ते त्याच्यापुढे बोललेच जात नाही.

काय बोलले जात नाही, ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातील आणि १,४१६ तामिळनाडूतील होते, आणि त्यानंतरचा क्रमांक १,३४० या आकड्याने आमच्या मध्य प्रदेशाचा होता. पुढल्या वर्षी देशाचा आकडा १३,८९२ वर गेला. या तक्त्यांकडे पाहून ‘परीक्षेचे टेन्शन’ असा शेरा मारून फाइल मिटविण्याची आपली सवय आहे. परंतु त्याच २०२२ च्या अहवालात ‘परीक्षेतील अपयश’ या कारणापुढे, विद्यार्थी आणि इतर सर्व मिळून, २,२४८ मृत्यू नोंदलेले आहेत. पोलिसांनी लावलेली कारणे घाईची आणि ढोबळ असतात हे मान्य करूनही, गुणपत्रिकेत न सापडणारे पुष्कळ काही शिल्लक राहते, हे कोणाच्याही ध्यानी येईल. घरातील कलह, आजार, प्रेमप्रकरण, कर्ज, व्यसन, अत्याचार आणि अब्रूची भीती, एवढी सगळी प्रकरणे त्यात येतात, आणि ती अशी आहेत की आमच्या समाजात मूल ती बापाला सांगत नाही, मग बापाच्या ओळखीच्या सरांना कोठून सांगणार?

येथेच आक्षेपकांच्या सर्वांत आवडत्या युक्तिवादाची परीक्षा होते. प्राध्यापक मुलाच्या बापाला ओळखतो, हे ते भूषण म्हणून सांगतात. बालाघाट जिल्हा विस्ताराने मोठा, पण समाज म्हणून लहान आहे. येथे पोवार, लोधी, मरार, कलार, गोवारी, महार, गोंड, हलबा अशा समाजांची दाट गुंफण आहे. प्रत्येकाचे मेळावे आहेत, परिचयसंमेलने आहेत, लग्नाच्या पंगती आहेत. आणि वारासिवनीचा प्राध्यापक नि खैरलांजीचा शेतकरी एकाच मांडवात एकमेकांना भेटतात. दुसऱ्या जातीतील मुलावर जीव जडलेल्या आणि घरी कळले तर शिक्षण सुटून वर्षाच्या आत लग्न उरकले जाईल या धास्तीने झोप उडालेल्या मुलीने हे कोणाजवळ बोलावे? तिच्या मामाच्या साडूशी ज्यांचा घरोबा आहे, त्या मेंटर महोदयांजवळ? एखाद्या मुलाला मुलींविषयी ओढ वाटत नाही आणि तो स्वतःलाच विकृत समजून कुढत आहे. त्याने हे लांजी-किरनापूरकडच्या आपल्याच गावच्या सरांना सांगावे? आणि ज्या विद्यार्थिनीची तक्रार एखाद्या अध्यापकाविरुद्धच आहे तिने काय करावे, हा प्रश्न तर आदेशाचा मसुदा तयार करणाऱ्यांच्या मनाला शिवलेलाही दिसत नाही. फिर्याद ऐकणारा मुन्सफ आणि आरोपीचा वकील एकच असावा, त्यामुळे एका माणसाचा पगार वाचेल, असे कोणत्याही कचेरीत कोणी सुचविल्यास लोक हसतील. महाविद्यालयात मात्र तीच सूचना काटकसर म्हणून गौरविली जाते.

ओळखीपाळखीचा अडसर बाजूला ठेवला, तरी गुणांचा अडसर उरतोच. राज्यातील महाविद्यालयांत नव्या शिक्षणधोरणाची अंमलबजावणी २०२१-२२ पासून सुरू झाली, आणि विद्यार्थी ज्याला ‘सीसीई’ म्हणतात त्या सततच्या अंतर्गत मूल्यमापनाचे वजन लक्षणीय आहे. हे गुण कोण देतो? तोच प्राध्यापक. हजेरी कमी पडल्यास परीक्षेस बसू द्यावे की नाही, हे कोणाच्या शेऱ्यावर ठरते? त्याच्याच. ‘मन नाही लागत, सर’ एवढे वाक्य बोलतानाही विद्यार्थी मनात हिशेब करतो, की याचा परिणाम पुढच्या महिन्याच्या गुणांवर कोणता होईल, हा मुलगा कमकुवत आहे असे मत होईल काय, एन.सी.सी.च्या शिबिराला पाठविताना आपले नाव गाळले जाईल काय. हा हिशेब कदाचित अनाठायी असेल. सर उदार असतील. परंतु उदारपणाची खात्री बोलून झाल्यावर पटते, आणि निर्णय बोलण्यापूर्वी घ्यावा लागतो.

आता दुसरा आक्षेप घेऊ. आमची माणसे परक्याजवळ मन मोकळे करीत नाहीत, समुपदेशन ही पाश्चात्त्यांची पद्धत आहे, आपल्याकडे घर, देऊळ आणि गुरुजन हेच समुपदेशक होते, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. ज्यांना असे वाटते त्यांनी मराठीचाच इतिहास थोडा आठवावा. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, नोकरी गमावून, पदरमोड करून ते चालविले. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. प्रश्न कोणते? जे आईबापांना, पुरोहिताला, शेजाऱ्याला आणि डॉक्टरलाही विचारता येत नव्हते ते. शरीराविषयीचे, संभोगाविषयीचे, हस्तमैथुनाविषयीचे, समलिंगी आकर्षणाविषयीचे. ज्या अपराधभावनेने माणसे आतून पोखरून निघत होती तिच्याविषयीचे. ज्या समाजाला आपण आज ‘परक्याजवळ न बोलणारा’ म्हणतो, तोच समाज, पोस्टाची अडचण सोसून, कधी न पाहिलेल्या गणिताच्या एका प्राध्यापकाला आपल्या अंतरंगातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट लिहून कळवीत होता. कारण उघड आहे: तो प्राध्यापक त्यांना गुण देणार नव्हता, त्यांच्या सोयरिकीत नव्हता, आणि त्यांचे नाव छापणार नव्हता.

या उत्तरांबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांना जे प्रश्न पडतात त्यांची शास्त्रीय उत्तरे देणे हे विकृतीचे लक्षण नसून ज्ञानाचे कर्तव्य आहे, अशा आशयाची भूमिका त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण या प्रकरणातून आपल्याला घ्यावयाचा मुद्दा जयापजयाचा नाही. नाव गुप्त राहील आणि ऐकणारा आपल्यावर सत्ता चालविणार नाही, एवढी हमी मिळाली तर मराठी माणूस बोलतो. तशी हमी नसेल तर तो बोलत नाही. हे ९० वर्षांपूर्वी सिद्ध होऊन चुकले आहे. समुपदेशन परकीय असेल तर पोस्टकार्डही परकीयच होते.

यावर साने गुरुजींचे उदाहरण पुढे येणार, हे मला ठाऊक आहे. ते नेहमीच येते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात अध्यापन करताना आणि तेथल्या छात्रालयाची व्यवस्था पाहताना त्यांनी मुलांवर जी माया केली, त्यांच्या खोल्या झाडल्या, त्यांची आजारपणे काढली, त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ नावाचे नियतकालिक काढले, त्याला मराठी शिक्षणाच्या इतिहासात तोड नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यांवर असे प्रेम करावे की नाही, याविषयी माझा वाद नाही, करावेच. परंतु हे उदाहरण देणारे त्याचा शेवट विसरतात. ज्या माणसाने हजारोंची दुःखे आपल्या उरी घेतली, त्याचे स्वतःचे दुःख उरात मावेनासे झाले, आणि ११ जून १९५० रोजी त्याने स्वतःचे जीवन संपविले. त्या कृतीची कारणे शोधण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र म्हणता येईल की प्रेम ही समुपदेशनाची जागा घेणारी वस्तू असती, तर प्रेमाचा एवढा साठा ज्याच्यापाशी होता त्याला ती पुरली असती. दुसऱ्याचे दुःख वाहणाऱ्यालाही ते कोठेतरी उतरविण्याची सोय लागते. प्रशिक्षित समुपदेशकाला तशी सोय त्याच्या वरिष्ठ पर्यवेक्षकाच्या रूपाने असते, आणि आमच्या मेंटरला ती नसते.

किंबहुना आमच्या मेंटरची स्वतःचीच अवस्था काय आहे, याचाही विचार व्हावा. राज्यातील शासकीय महाविद्यालयांतील अध्यापनाचा फार मोठा भार अतिथी विद्वान वाहतात. ‘विद्वान’ हा सन्मान त्यांच्या पदनामात आहे, पण पुढल्या सत्रात आपण येथे असू की नाही, कोणाची बदली येथे होऊन आपली जागा ‘भरली’ जाईल, याची शाश्वती त्यांना नसते. ज्याचे स्वतःचे उद्याचे बस्तान अनिश्चित आहे, त्याने पंचवीस तरुणांच्या अनिश्चिततेचे ओझे विनामोबदला उचलावे, वर त्याचा अहवाल विहित नमुन्यात भरून द्यावा, आणि त्यातील एखाद्याचे बरेवाईट झाल्यास खुलासाही द्यावा, अशी ही योजना आहे. तिला काटकसर म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय.

शिक्षकाला या कामात जागाच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. वर्गात नेहमी पुढे बसणारा मुलगा अचानक मागे जाऊन बसू लागला, वसतिगृहाच्या जेवणाच्या पंक्तीत दिसेनासा झाला, हस्ताक्षर बिघडले, आपली पुस्तके इतरांना वाटू लागला, तर हे सर्वांत आधी त्याच्या शिक्षकालाच दिसेल. न्यायालयानेही सर्व शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे ते याचसाठी. पाहणे, विचारणे, आणि योग्य दारापर्यंत सोबत नेणे हे शिक्षकाचे काम. दाराच्या आत काय बोलले गेले ते विचारणे त्याचे काम नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो बहुधा तरुणांकडूनच येतो. ते म्हणतात, आमच्या मनाला झालेले काही नाही. झाले आहे ते आमच्या भवितव्याला. राज्यसेवेची २०१९ सालची परीक्षा घ्या. आरक्षणाच्या वादात ती अशी अडकली की अंतिम निकाल २०२३ च्या डिसेंबरात लागला, आणि तोही सर्व जागांचा नव्हे, काही टक्के जागा लखोट्यातच राहिल्या. पटवारी भरतीचा निकाल २०२३ च्या जूनअखेरीस लागला आणि दोनच आठवड्यांत नेमणुका थांबविण्याचा हुकूम निघाला. बालाघाटहून इंदूरला जाऊन भंवरकुआंच्या परिसरात एका खोलीत तिघेचौघे दाटीने राहून, बापाने धान विकून पाठविलेल्या पैशावर चार-चार वर्षे तयारी करणाऱ्या मुलाला, ‘दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा’ असे सांगणे ही थट्टा आहे, असे ते म्हणतात. व्यवस्थेने केलेल्या जखमेला मनाचा रोग म्हणण्याची ही युक्ती आहे, असेही म्हणतात.

या आक्षेपातील संताप न्याय्य आहे. अन्यायाच्या निवारणाऐवजी सांत्वनाची व्यवस्था करणे हा सत्तेचा जुना उपाय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका आदिवासी डॉक्टर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि जातीवरून छळ झाल्याचा आरोप पुढे आला, तेव्हा तेथे समुपदेशक होता की नव्हता हा पहिला प्रश्न नव्हता. छळ थांबविणारा कोणी होता काय, हा होता. परंतु निष्कर्ष मात्र चुकतो. २०१९ ची परीक्षा दिलेल्या मुलाला २०२३ पर्यंत जगावयाचे होते. त्या चार वर्षांत न्यायालयाची तारीख जशी त्याच्या हाती नव्हती, तशी रात्रही त्याच्या हाती नव्हती. भरतीचा कायदा सुधारेपर्यंत त्याने एकट्याने जागावे, असे म्हणणे क्रांतिकारक असेल, पण दयाळू नाही. शिवाय स्वतंत्र समुपदेशक हा अन्यायाचा साक्षीदार होऊ शकतो. एकाच वसतिगृहातील दहा मुले झोप येत नसल्याचे सांगत आली, आणि दहांचीही शिष्यवृत्ती सहा महिने रखडलेली निघाली, तर नावे न घेता ही गोष्ट लेखी वर कळविणे त्याचे कर्तव्य ठरते. हेच काम प्राचार्यांच्या हाताखालचा प्राध्यापक करील काय? आपल्याच संस्थेविरुद्ध कैफियत लिहिणारा कनिष्ठ अधिकारी मी क्वचितच पाहिला आहे, आणि पाहिला तेव्हा तो बदलीच्या गावी पाहिला.

चौथा आक्षेप व्यावहारिक: माणसे आणायची कोठून? देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही; ०.७५ हे प्रमाण संसदीय समितीपुढेही आले आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत, त्यांत मध्य प्रदेशही होता, केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. बालाघाट हा तर घाटमाथ्यावरच्या बैहर-बिरसा-परसवाड्यापासून वैनगंगेच्या काठच्या सखल भातशेतीपर्यंत पसरलेला, अर्धाअधिक अरण्याचा जिल्हा. बैहरच्या आदिवासी वसतिगृहातील मुलाला घाट उतरून जिल्हा रुग्णालयातील ‘मन-कक्षा’त यावयाचे तर एक दिवस, बसभाडे आणि कोणाला तरी दिलेले स्पष्टीकरण, एवढे तिन्ही खर्च होतात. तेथे जाण्याआधी घरचे लोक त्याला झाडफूक करणाऱ्या गुनियाकडे किंवा पंड्याकडे नेतात, आणि मी त्यांना हसणार नाही, कारण तो निदान बोलावले की येतो आणि रोग्याचा हात हाती घेतो.

पण माणसे नाहीत म्हणून प्राध्यापकांना नेमा, हा निष्कर्ष येथेही निघत नाही. आणि त्याचे खंडन करण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, गोव्यापर्यंत गेले तरी पुरे. तेथील ‘संगाथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत एक प्रयोग केला. वैद्यकाची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधरांना सुमारे दोन महिने शिकवून, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नैराश्य आणि चिंता यांनी पीडित रुग्णांशी बोलण्याच्या कामावर ठेवले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सरकारी केंद्रांत असे समुपदेशक होते तेथे सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, नव्हते तेथे ४२ टक्क्यांच्या आसपास. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे आमच्याच राज्यातील सीहोर जिल्ह्यात त्याच संस्थेने आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरील संवादोपचार शिकविण्याचे काम हाती घेतले. म्हणजे दुर्मीळ आहे ती पदवी. शिकू शकणारा, गावची बोली बोलणारा पदवीधर मुळीच दुर्मीळ नाही. वारासिवनी किंवा कटंगीची समाजकार्याची पदवीधर तरुणी, नीट प्रशिक्षण आणि महिन्यातून दोनदा तज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाल्यास, हे काम मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या विभागप्रमुखापेक्षा चांगले करील. आणि त्याचे कारण तिची विद्वत्ता हे नसून, तिच्या हातात गुणपत्रक नाही हे असेल. तिला पोवारी कळेल, मराठी कळेल. आणि गोंडी बोलणाऱ्यांसाठी गोंडी जाणणारा दुसरा माणूस शोधावा लागेल, तोही शोधला पाहिजे. दुःख परकीय भाषेत सांगताना अर्धे गळून जाते, आणि आमच्या पुष्कळ मुलांना हिंदी हीसुद्धा शाळेत गेल्यावर भेटलेली भाषा आहे.

‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहेच ना, असेही विचारले जाते. आहे, आणि तो उपयुक्त आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून वीस भाषांत, मराठीतही, आणि रात्रीच्या ज्या प्रहरी कोणतेही कार्यालय उघडे नसते त्या प्रहरीही तो उचलला जातो. तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा, असे न्यायालयानेही सांगितले आहे. पण एका खोलीत सहा खाटा असतील तर फोनवर कोण काय बोलणार? फोन हा रात्र निभावण्यासाठी. सकाळी जाण्याचे ठिकाण वेगळे लागते.

एक भीती मात्र प्राचार्यांच्या मनातून काढली पाहिजे, कारण ती अनेकदा बोलून दाखविली जात नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाची वार्ता बाहेर गेली तर पोलीस येतील, चौकशी होईल, संस्थेचे नाव वर्तमानपत्रात येईल, म्हणून प्रकरण ‘विषबाधा’ किंवा ‘पोटदुखी’ म्हणून मिटविण्याकडे कल असतो. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असेच गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये आणि शासनाने तिची काळजी घ्यावी, असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम ठेवलेच नाही. मुलाला वाचविणे हा आता गुन्हा लपविण्याचा प्रश्न उरलेला नाही. उलट, तसे इशारे मिळूनही काही न केल्यास संस्थेची जबाबदारी धरली जाईल, असे न्यायालयाच्या निर्देशांत आहे. ज्यांना नाव राखावयाचे आहे त्यांनी ही बाजू वाचावी.

राहता राहिला खर्च. २०१९ मध्ये छिंदवाड्यास विद्यापीठ झाले आणि बालाघाटची महाविद्यालये जबलपूरहून तिकडे वर्ग झाली. विद्यापीठ येथून दूर आहे, आणि त्याच्याकडून समुपदेशक येण्याची वाट पाहत बसण्यात हशील नाही. प्रत्येक शासकीय महाविद्यालयात जनभागीदारी समिती आहे, आणि विद्यार्थ्यांकडून दरवर्षी जनभागीदारी शुल्क घेतले जाते. त्यातून फाटक रंगविले जाते, फलक लागतात, पाहुण्यांचे सत्कार होतात. हे सर्व व्हावे, पण त्याच निधीतून एका समुपदेशकाचे वेतन देण्याचा ठराव मांडण्यास कोणती आडकाठी आहे, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही. छोट्या महाविद्यालयांनी दोघातिघांत एक माणूस वाटून घ्यावा, आठवड्याचे दिवस ठरवून. स्वामी विवेकानंद करिअर मार्गदर्शन योजनेच्या खोलीतच त्याला बसवू नये, कारण तेथे नोकरीच्या जाहिराती पाहणाऱ्यांची गर्दी असते. प्राचार्यांच्या दालनाच्या शेजारी तर मुळीच नको, कारण तेथे आत जाणारा प्रत्येक जण शिपायाच्या आणि पर्यायाने साऱ्या गावाच्या नजरेतून जातो. ग्रंथालयाच्या बाजूची एखादी खोली चालेल. तेथे जाण्यास कोणीही कारण विचारीत नाही.

आणि शेवटी नोंदवहीचा प्रश्न, ज्यावर ही सारी योजना तरते किंवा बुडते. न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती स्थापन करण्यास सांगितले आहे. तिला अहवाल लागेल, आणि अहवाल म्हटला की आमच्या कार्यालयांतील पहिली मागणी नावांच्या यादीची असते, मग त्या यादीच्या दोन प्रती निघतात, त्यांतील एक लिपिकाच्या टेबलावर पडून राहते आणि तिसऱ्या दिवशी वसतिगृहात कोण ‘तिकडे’ गेले होते ते सर्वांना ठाऊक होते. समितीकडे दर तिमाहीस किती विद्यार्थी आले, किती मुली, किती मुलगे, किती जणांना पुढे रुग्णालयात पाठविले, वसतिगृह, शिष्यवृत्ती किंवा छळ यांविषयीच्या किती तक्रारी निघाल्या, एवढे आकडे जावेत. नावे जाऊ नयेत, आणि एखाद्याच्या जिवाला तत्काळ धोका असल्याचा प्रसंग वगळता, प्राचार्यांनी वा जनभागीदारी समितीच्या अध्यक्षांनी मागितली तरी समुपदेशकाने ती देऊ नयेत, अशी अट नेमणुकीच्या आदेशातच पहिल्या कलमात घातलेली असावी.